मैदान केव्हां सोडावें?

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त आयर्लंडची राजधानी डब्लिन येथें राहतात. परदेशीं गेलेला मुलगा हवापाणी, घरभाडें आणि भाजीपाल्याचे भाव यांपलीकडे पत्रांत सहसा कांहीं लिहीत नाहीं. पण ह्या चिरंजीवांच्या एका पत्रांत तेथील देशी खेळाचें मोठें रसाळ वर्णन आलें होतें, आणि शेवटीं एक प्रश्न होता. "ती. बाबा, येथें एका शाळामास्तरानें ४१ व्या वर्षीं पुन्हां मैदानांत उतरून दाखविलें. तेव्हांपासून येथल्या लोकांत वाद चालला आहे. कोणी म्हणतात धन्य त्याची. कोणी म्हणतात, ह्यानें आतां तरुणांस वाट द्यावी. तुम्ही काय म्हणाल?" स्नेह्यांनीं तें पत्र आमच्याकडे पाठविलें व समासांत लिहिलें, "मास्तरांचा प्रश्न मास्तरांनींच सोडवावा." प्रश्न दूरच्या देशांतील खेळाचा असला, तरी निवृत्तीचा विचार ज्या घरांत कधींच निघाला नाहीं असें घर विरळा. म्हणून या महिन्याच्या लेखास तोच विषय घेतला आहे.

प्रश्नास हात घालण्यापूर्वीं खेळ कसा आहे तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. त्याचें नांव गेलिक फुटबॉल. आपल्याकडे शाळेंत जो फुटबॉल खेळतात, त्यांत गोलरक्षकावांचून कोणीं चेंडूस हात लावावयाचा नाहीं. येथें मात्र सर्वांनींच चेंडू हातांत धरावा, पायानें मारावा, मुठीनें सोबत्याकडे ढकलावा. पण तो घेऊन चार पावलांहून अधिक धांवावयाचें झाल्यास जमिनीवर एकदां आपटावा, किंवा पायाच्या चवड्यानें उडवून पुन्हां हातीं घ्यावा, असा नियम आहे. दोन्ही बाजूंस १५ गडी असतात. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांड्याखालून चेंडू गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. २०२५ सालापासून ४० मीटरांच्या कमानीबाहेरून मारून दांड्यावरून घातलेल्या चेंडूस दोन गुण मिळूं लागले. मैदान १३० ते १४५ मीटर लांब, आणि जिल्हा संघांचा सामना ७० मिनिटांचा. एवढ्या वेळांत मधल्या फळीचा गडी किती धांवत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

ह्या खेळांचा कारभार पाहणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन १८८४ सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस टिपररी जिल्ह्यांतील थर्ल्स गांवीं एका हॉटेलांत भरलेल्या सभेंत जन्मास आली. तिचा मुख्य प्रवर्तक मायकेल क्युसॅक हा पेशानें शिक्षक होता, हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटला तर वाचक क्षमा करतील. मात्र ह्याच क्युसॅकला १८८६ सालीं, म्हणजे दोन वर्षांच्या आंतच, संस्थेच्या चिटणिसाच्या जागेवरून दूर व्हावें लागलें. तेव्हां माणसानें जागा केव्हां सोडावी, हा प्रश्न ह्या संस्थेंत तिच्या बाल्यापासूनच आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. ह्या खेळांत गड्यास वेतन नाहीं. तो आपल्या गांवच्या क्लबाकडून खेळतो, आणि उत्तम ठरला तर आपल्या जिल्ह्याच्या संघांत निवडला जातो. पैसा देऊन गडी विकत घेण्याची युरोपांतील धंदेवाईक फुटबॉलची चाल येथें नाहीं. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानांत ८२,३०० माणसें बसूं शकतात. वर्षाच्या अंतिम सामन्यास तें मैदान भरून जातें, आणि जिंकणाऱ्या जिल्ह्यास १९२८ पासून सॅम मॅग्वायर चषक देण्यांत येतो. पण ज्यांनीं तो जिंकला ते दुसऱ्या दिवसापासून कोणी शाळेंत, कोणी पेढींत, कोणी दवाखान्यांत आपल्या नेहमींच्या कामावर जावयाचे. प्रवासखर्च मिळतो, पगार मिळत नाहीं.

बिनपगारी म्हणून हें काम हलकें आहे असें मात्र कोणीं समजूं नये. २०१८ सालीं तेथील आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेनें जिल्हा संघांतील गड्यांची एक पाहणी प्रसिद्ध केली. तींत असें आढळलें कीं, ह्या खेळापायीं गड्याचे आठवड्याला ३१ तासांपर्यंत खर्ची पडतात. पोटाचा उद्योग सांभाळून वर हे एकतीस तास! मग निजावयाचें केव्हां, मुलांस जवळ घ्यावयाचें केव्हां, आणि आईवडिलांची विचारपूस करावयाची केव्हां? म्हणून वय वाढलेल्या गड्याच्या निवृत्तीचा विचार करतांना त्याचे गुडघे तेवढे पाहून भागत नाहीं. त्याच्या घरांतील माणसेंही हिशेबांत धरावीं लागतात. धंदेवाईक खेळाडूचा करार संपतो आणि मालक त्यास निरोप देतो. येथें करार नाहीं, मालक नाहीं, वयाची मर्यादा नाहीं. निवड करणारा व्यवस्थापक नाहीं म्हणूं शकतो हें खरें. पण ज्यानें जिल्ह्यास कीर्ति मिळवून दिली, त्यास नाहीं म्हणावयास फार मोठें धैर्य लागतें. यामुळें निर्णयाचा सारा भार गड्याच्या स्वतःच्या विवेकावर येऊन पडतो.

पत्रांत ज्या मास्तरांचा उल्लेख आहे, ते म्हणजे डब्लिनचा गोलरक्षक स्टीफन क्लक्स्टन. जन्म डिसेंबर १९८१ चा. २००१ सालीं हा गृहस्थ जिल्ह्याच्या संघांत आला. शाळेंत विज्ञान शिकवावयाचें आणि संध्याकाळीं गोलाच्या खांबांमध्यें उभें राहावयाचें, हा त्याचा क्रम. वर्तमानपत्रवाल्यांशीं बोलणें त्यास मुळींच रुचत नाहीं, अशी त्याची प्रसिद्धि आहे. २०११ च्या अंतिम सामन्यांत केरी आणि डब्लिन बरोबरीस होते. वेळ संपत आलेली. अशा क्षणीं डब्लिनला दूरवरून एक मोकळा फटका मिळाला. तो मारावयास गोलरक्षक आपली जागा सोडून मैदानभर चालत पुढें आला, त्यानें चेंडू दांड्यावरून घातला, आणि १९९५ नंतर प्रथमच अखिल आयर्लंड विजेतेपद डब्लिनला मिळालें. पुढें २०१३ सालीं एकदां, आणि २०१५ पासून २०२० पर्यंत ओळीनें सहा वेळां, चषक डब्लिनकडे आला, आणि ह्या सातही वेळां कर्णधार हाच होता.

त्याच्या कर्तबगारीचें मर्म मात्र निराळ्याच ठिकाणीं आहे. पूर्वीं गोलरक्षक चेंडू परत खेळांत आणतांना तो जमेल तितका लांब भिरकावून देई, आणि मधल्या फळींत दोन्ही बाजूंचे गडी त्यावर तुटून पडत. क्लक्स्टननें तो फटका नेमका केला. आपला कोणता गडी कोठें मोकळा होणार आहे हें आधींच ओळखून त्याच्या छातीवर चेंडू पोहोंचवावयाचा, ही त्याची विद्या. पुढें इतर जिल्ह्यांनींही ती उचलली. आतां, ही विद्या मुख्यतः दृष्टीची व स्मरणाची आहे. पायांतील वेग तिशीनंतर उतरूं लागतो, पण अशी नजर चाळिशीपर्यंत वाढतही असते. मास्तर इतकीं वर्षें कां टिकला, याचें कारण येथें आहे.

२०२० नंतर तो संघांतून दिसेनासा झाला. निवृत्तीची घोषणा नाहीं, निरोपाचा समारंभ नाहीं. दोन हंगाम असेच गेले. मग मार्च २०२३ मध्यें लाउथ जिल्ह्याविरुद्धच्या सामन्याच्या दिवशीं राखीव गड्यांच्या यादींत त्याचें नांव अकस्मात् दिसलें, आणि लोकांस आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्याच जुलैंत अंतिम सामन्यांत डब्लिननें केरीस दोन गुणांनीं हरविलें, आणि त्यास नववें पदक मिळालें. जेम्स मॅकार्थी व मायकेल फिट्झसिमन्स हे त्याचे दोन जुने सोबतीही त्याच दिवशीं नवावर पोहोंचले. त्यापूर्वीं कोणाही गड्याजवळ आठांहून अधिक पदकें नव्हतीं.

इथपर्यंतची कथा ऐकून पुष्कळांस वाटेल कीं मग वाद कसला? जो जिंकला तो योग्यच वागला! परंतु यशावरून आचरणाची किंमत ठरविणें ही फार ढिली पद्धत आहे. डब्लिनचा एखादा फटका त्या दिवशीं खांबाला लागून परत आला असता, तर हीच मंडळी "म्हाताऱ्याला हाव सुटली" म्हणालीं असतीं. म्हणून दुसरी बाजूही नीट पाहूं.

मधल्या दोन हंगामांत डब्लिनचा गोल इव्हान कॉमरफर्ड नांवाच्या तरुणानें राखला. क्लक्स्टनच्या पाठीशीं तो बरींच वर्षें राखीव म्हणून बसला होता. २०२२ च्या उपांत्य सामन्यांत केरीच्या शॉन ओ'शेचा पेनल्टीचा फटका त्यानें अडविला. पुढें अगदीं शेवटच्या क्षणीं त्याच ओ'शेनें वाऱ्याविरुद्ध दूरवरून एक फटका दांड्यावरून घातला, आणि डब्लिन एका गुणानें हरलें. ह्यांत कॉमरफर्डचा दोष काय? तरी पुढच्या वर्षीं जुना धनी परत आला आणि त्यास पुन्हां बाकावर जाऊन बसावें लागलें. २०२४ मध्येंही डब्लिन उपांत्यपूर्व सामन्यांत गॅलवेकडून एका गुणानें हरलें, तेव्हां गोलांत ४२ वर्षांचा क्लक्स्टनच होता. एका माणसाच्या दीर्घायुषी कौशल्याची किंमत अशी दुसऱ्या माणसाच्या ऐन उमेदीच्या वर्षांनीं चुकवावी लागते. गोलरक्षकाची जागा तर एकच. पुढच्या फळींत सहा जण असतात, त्यांत एक वृद्ध व एक तरुण शेजारीं शेजारीं खेळूं शकतात. गोलांत तें शक्य नाहीं. निवृत्त हो म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यांत जें खरें बळ आहे तें हेंच.

त्यांच्याजवळ दाखवावयास एक उदाहरणही आहे, आणि तें त्याच संघांतलें आहे. ब्रायन फेंटन हा डब्लिनच्या मधल्या फळीचा आधारस्तंभ. २०१५ सालीं तो संघांत आला, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्यें मेयोनें हरवीपर्यंत विजेतेपदाच्या स्पर्धेंत त्यानें एकही पराजय पाहिला नव्हता. सात पदकें, २०१८ व २०२० सालचा देशांतील सर्वोत्कृष्ट गडी. असा हा मनुष्य नोव्हेंबर २०२४ मध्यें, ३१ व्या वर्षीं, आपण थांबतों म्हणून सांगून मोकळा झाला. लोक चकित झाले. हातांत बळ असतां, मागणी असतां, तो उठून गेला. पण त्याची जागा पाहा: मधल्या फळींत ७० मिनिटें धांवावयाचें, आणि तें सामन्याच्या दिवसापुरतें नव्हे, तर थंडीपावसांत वर्षभराच्या सरावांत. ज्या कामास नजर पुरते तेथें चाळिशी चालते. ज्यास फुप्फुसें लागतात तेथें तिशीतच हिशेब मांडावा लागतो. तेव्हां अमुक वयास थांबावें असा एकच नियम सर्वांस घालून देणारा मनुष्य ह्या खेळाकडे बारकाईनें पाहत नाहीं, एवढेंच म्हणतां येईल.

आणखी एक युक्तिवाद पुष्कळ वेळां ऐकूं येतो, आणि तो वरवर पाहतां फार प्रेमाचा असतो. "आमच्या मनांतील त्याची मूर्ति भंगूं नये, म्हणून त्यानें आतांच थांबावें." टिरोनचा शॉन कॅव्हना २०१७ सालीं डब्लिनविरुद्धचा उपांत्य सामना खेळून जिल्ह्याच्या संघांतून निवृत्त झाला. त्या सामन्यांत टिरोनचा १२ गुणांनीं पराभव झाला होता. म्हणजे त्याची शेवटची आठवण पराभवाची. म्हणून काय २००८ सालीं चषक जिंकून देणारा, त्या वर्षींचा सर्वोत्कृष्ट ठरलेला कॅव्हना लोक विसरले? मुळींच नाहीं. प्रेक्षकाच्या मनांतील मूर्ति जपणें हें गड्याचें कर्तव्य नव्हे. तो आपल्या जिल्ह्यासाठीं खेळतो. आमच्या आठवणींचें देवघर सजवावें म्हणून खेळत नाहीं. ह्या युक्तिवादांत गड्याविषयीं प्रेम थोडें आणि स्वतःच्या तारुण्याविषयीं प्रेम फार असतें, असें आमचें मत आहे. आपण त्याला विशींत पाहिलें तेव्हां आपणही विशींत होतों. तो थकलेला दिसला कीं आपलें वय आपणांस दिसतें, आणि तेंच आपणांस नको असतें.

याच्या उलट दिशेची ओढही तितकीच घातक आहे. मेयो जिल्ह्यानें १९५१ नंतर चषक पाहिलेला नाहीं. १९८९ पासून २०२१ पर्यंत तो कितीदां तरी अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि प्रत्येक वेळीं रिकाम्या हातांनीं परतला. अशा जिल्ह्यांतील गड्यास "आणखी एकच वर्ष" ह्या शब्दांचा मोह किती पडत असेल! अँडी मोरन हा मेयोचा आक्रमक २००४ पासून खेळत होता. २०१७ च्या अंतिम सामन्यांत डब्लिननें मेयोस एका गुणानें हरविलें, आणि त्याच वर्षीं ३३ व्या वर्षीं मोरन देशांतील सर्वोत्कृष्ट गडी ठरला. ज्यांनीं त्यास आधींच घरीं बसावयास सांगितलें असेल, त्यांनीं हें लक्षांत ठेवावें. पुढें २०१९ मध्यें, ३५ व्या वर्षीं, तो पदकाविनाच निवृत्त झाला. त्याचें राहणें जसें योग्य होतें तसें जाणेंही योग्य होतें. पदक मिळेपर्यंत थांबेन असा जो हट्ट धरील त्यास कदाचित् जन्मभर थांबावें लागेल, कारण पदक एकट्याच्या हातीं नाहीं.

मग कसोटी कोणती? आमच्या मतें ती डॉनेगॉलच्या मायकेल मर्फीच्या वर्तनांत फार स्वच्छ दिसते. ऑगस्ट १९८९ चा जन्म. २०१२ सालीं, २३ व्या वर्षीं, त्यानें कर्णधार म्हणून चषक आपल्या जिल्ह्यास आणला, आणि त्या अंतिम सामन्याच्या आरंभींच गोल केला तोही त्यानेंच. नोव्हेंबर २०२२ मध्यें तो निवृत्त झाला. २०२४ सालीं डॉनेगॉलनें त्याच्यावांचूनच अल्स्टर प्रांताचें विजेतेपद जिंकलें. म्हणजे त्याच्यावांचून कोणाचें अडलें होतें असें नाहीं. तरी २०२५ च्या हंगामासाठीं व्यवस्थापक जिम मॅकगिनेस यांनीं बोलाविल्यावर तो परत आला, आणि कर्णधारपद पॅट्रिक मॅकब्रिअर्टी याजकडेच राहिलें. ज्या संघाचा आपण दहा वर्षांहून अधिक काळ नायक होतों, त्यांत साधा गडी म्हणून उभें राहावयाचें! त्या वर्षीं डॉनेगॉलनें अल्स्टर पुन्हां जिंकलें व अंतिम सामना गांठला. तेथें २७ जुलैस केरीनें त्यांस १० गुणांनीं हरविलें. क्लक्स्टनचेंही तसेंच. सात वेळां चषक उचललेला हा मास्तर २०२३ सालीं परतला तो राखीव बाकावर, आणि त्या वर्षीं चषक उचलला तो कर्णधार मॅकार्थीनें.

तेव्हां कसोटी अशी: जो राखीव गड्यांच्या बाकावर बसावयास मनापासून तयार आहे, त्यानें खुशाल राहावें, ज्यास पहिल्या पंधरांतच नांव हवें, त्यानें त्याच दिवशीं निघावें. बाकावर बसण्याची तयारी असलेला ज्येष्ठ गडी तरुणाची वाट अडवीत नाहीं. तो सरावांत त्याची परीक्षा घेतो, आणि चांगला तरुण त्या परीक्षेनें अधिक चांगला होतो. निवड मग गुणांवर होते, नांवावर होत नाहीं. कॉमरफर्डचें दुःख त्यानें नाहींसें होत नाहीं हें आम्हांस मान्य आहे. परंतु आपल्याहून सरस असलेल्याच्या मागें बसावें लागणें हें दुःख असलें तरी अन्याय नव्हे. केवळ नांवाच्या जोरावर बसलेल्याच्या मागें बसावें लागलें, तर तो मात्र अन्याय. ह्या दोहोंतील भेद व्यवस्थापकास कळतो, सोबत्यांस कळतो, आणि सर्वांच्या आधीं त्या ज्येष्ठ गड्यास स्वतःस कळतो.

ह्या कसोटीस एक पुरवणी जोडली पाहिजे, आणि ती घरची आहे. आठवड्याचे ते ३१ तास कोणाच्या खात्यांतून निघतात? गडी सरावास जातो तेव्हां लेंकरांस कोण निजवितें? ज्या घरानें पंधरा वर्षें हा भार उचलला, त्या घरास दरवर्षीं नव्यानें विचारलें पाहिजे. एकदां दिलेली संमति जन्मभराची असते, असें गृहीत धरण्याची आपणां पुरुषमंडळींस फार संवय आहे. खेळांतही आहे, संसारांतही आहे. पत्नीनें "यंदा पुरे" म्हटलें तर तो शब्द व्यवस्थापकाच्या शब्दाइतकाच वजनाचा मानावा.

आतां निवृत्त होणें म्हणजे काय, तेंही पाहूं. कारण ह्या खेळाची खरी शोभा आम्हांस तेथेंच दिसते. आपल्या शास्त्रांत गृहस्थाश्रमानंतर एकदम संन्यास सांगितलेला नाहीं; मध्यें वानप्रस्थ आहे. सत्ता सोडावयाची, पण सर्व संबंध तोडावयाचा नाहीं. गेलिक फुटबॉलमध्यें हा मधला आश्रम गांवच्या क्लबांत असतो. केरीचा कॉलम कूपर हा पेढींत नोकरी करणारा, अत्यंत चतुर आक्रमक. मार्च २०१७ मध्यें किलार्नीच्या डॉ. क्रोक्स ह्या आपल्या क्लबासह त्यानें अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद जिंकलें, आणि एप्रिलमध्यें जिल्ह्याच्या संघांतून तो निवृत्त झाला. पुढें त्याच्या सन्मानार्थ डब्लिनमध्यें तिकिटें लावून मेजवानी झाली, आणि बिनपगारी खेळांत हें शोभतें काय म्हणून टीकाही झाली. पण क्लबाचें मैदान त्यानें लागलीच सोडलें नाहीं. कॅव्हना तर जिल्ह्यांतून निवृत्त झाल्यावर आपल्या मॉय गांवच्या संघांत खेळत राहिला, आणि २०१८ सालीं त्या संघानें अखिल आयर्लंडचें दुय्यम श्रेणीचें क्लब विजेतेपद मिळविलें. २०२२ पासून जिल्ह्यांचा हंगाम जुलैंत संपतो आणि त्यानंतरचे महिने क्लबांचे असतात. त्यामुळें जिल्हा सोडणारा गडी खेळास मुकत नाहीं. तो ८२,००० प्रेक्षकांकडून आपल्या आळींतल्या माणसांकडे परत येतो. तेथें त्याच्या शेजारीं विशींतला पोर खेळत असतो. त्या पोराला तो जें शिकवील तें कोणत्याही शिकवणीवर्गांत मिळावयाचें नाहीं.

हें सारें ध्यानीं घेतलें म्हणजे निवृत्तीचें भय पुष्कळ कमी होतें. भय कशाचें असतें? उद्यां सकाळीं आपणांस कोणी विचारणार नाहीं, याचें. शाळेची घंटा आपल्यावांचून वाजते, आणि मुलें आपल्यावांचून ओळींत उभीं राहतात, हें पेन्शनींत निघालेल्या प्रत्येक मास्तरास एकदां तरी बोंचलें आहे. किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून सुनेच्या हातीं देतांना सासूबाईंसही तेंच बोंचतें. ज्या घरांत जुडगा दिल्यावरही सासूबाईंचा सल्ला घेतला जातो, तेथें तो सुखानें दिला जातो. जेथें जुडग्याबरोबर मानही जातो, तेथें तो मरेपर्यंत सुटत नाहीं. म्हणून जागा सोडा असें वडिलांस सांगणाऱ्या तरुणांनीं, सोडल्यावर त्यांस बसावयास कोणती जागा ठेवली आहे, तेंही आधीं सांगावें. आयर्लंडच्या लोकांनीं ती आपल्या गांवोगांवच्या क्लबांत ठेवली आहे.

तेव्हां चिरंजीवांच्या प्रश्नास आमचें उत्तर असें. मास्तर ४१ व्या वर्षीं परतला तें योग्य केलें, कारण तो बाकावर बसावयाच्या तयारीनें परतला, आणि त्याच्या कामास लागणारी विद्या त्याजजवळ शाबूत होती. फेंटन ३१ व्या वर्षीं गेला तेंही योग्य केलें, कारण आपल्या कामास काय लागतें हें तो जाणत होता आणि लोकांच्या मागणीस भुलला नाहीं. दोघांनींही निर्णय कीर्तीस विचारून घेतला नाहीं. ज्या ज्येष्ठ गड्यापुढें यंदा हा प्रश्न उभा असेल, त्यानें हंगामाच्या आरंभीं दोन ठिकाणीं विचारावें: सरावाच्या मैदानांत, आपण अजून सर्वांत धाकट्या गड्याइतकेच कष्ट करतों कीं नाहीं, आणि घरीं, आणखी एक वर्ष चालेल कीं नाहीं. दोन्हींकडून होकार आला तर बूट बांधावे. एकीकडूनही नकार आला तर ते आपल्या गांवच्या मैदानांत न्यावे. तेथें त्यांचा उपयोग पुष्कळ वर्षें होईल.